एक्केचाळीस गाठी

खोटं सांगत असेन तर माझे उरलेले चार दात आत्ताच्या आत्ता गळून पडोत! नीट ऐकून ठेवा, कारण पुढे तुम्हीच म्हणाल, म्हातारीला चळ लागला. मागच्या प्रकरणांत मी इकडेतिकडे थोडी फोडणी दिली असेल, नाही म्हणत नाही. सासऱ्यांनी एका शिंकेत होडी उलटवली, ते हवं तर अर्धंच धरा. पण मोजणीच्या दिवशी जे झालं त्यातला शब्द न् शब्द खरा आहे.

मोजणीचा दिवस म्हणजे वर्षातल्या सगळ्यात मोठ्या ओहोटीचा दिवस. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून हे चालत आलंय. ह्यांनी स्वतःच्या हातानं वळलेला दोर काढायचा, हाताहातावर गाठ मारलेला. त्याचं एक टोक स्वयंपाकघराच्या मागच्या उंबऱ्यावरच्या खिळ्याला अडकवायचं आणि दुसरं घेऊन घरातल्या थोरल्यानं कड्याच्या टोकापर्यंत चालत जायचं. मग गाठी मोजायच्या, मोठ्यानं, सगळ्यांनी मिळून. मी आले तेव्हा एकशे बारा होत्या. दरवर्षी गेलेल्या जमिनीएवढा दोर कापून टाकायचा आणि आकड्याची रेघ मागच्या दाराच्या चौकटीवर कोरायची. त्याच चौकटीवर मुलांची उंचीही कोरलेली. मुलं वर वर चढायची, जमीन खाली खाली उतरायची. ज्या वर्षी धाकट्याची रेघ आणि समुद्राची रेघ एकमेकींना भेटल्या, त्या वर्षी मी चौकटीला तेल लावायचं सोडलं.

त्या दिवशी दुपारी समुद्र इतका मागे गेला होता की दिसेनासाच झाला. नुसता ओला, चकचकीत चिखल, आणि आवाज म्हणून नाही. एरवी आमच्याकडे बोलायचं म्हणजे लाटेच्या वर आवाज चढवून बोलायचं. त्या दिवशी मी नेहमीसारखी "चहा टाकते" म्हणाले आणि स्वतःच दचकले.

"एक्केचाळीस!" थोरला कड्यावरून ओरडला.

"एक्केचाळीस!" धाकट्यानं उंबऱ्याजवळून साथ दिली.

सलग सहावं वर्ष. सहा वर्षांपूर्वी हे गेले, आणि वर्षाच्या आत आमच्या थोरल्यानं, गवंडीच तो, कड्याच्या पायथ्याशी दगडी भिंत उभी केली आणि वर कड्याच्या माथ्यावर सिमेंटचा जाड कोबा घातला. तेव्हापासून एक्केचाळीस म्हणजे एक्केचाळीस. थोरला दोर गुंडाळत आला तो छाती काढून.

"काय बाईसाहेब," बहिणीला म्हणाला, "लिहा तुमच्या वहीत. गाठ हलली नाही."

मधली दाराला टेकून उभी होती. ती किनाऱ्याच्या कचेरीत मोजणीचं काम करते. तिच्या हातात एक कागद होता आणि त्या कागदापायी भाऊबहीण चार महिने धड बोलत नव्हते. कागदावर काय होतं ते थोडक्यात सांगते. भिंत आता दुरुस्त करायची नाही, काढून टाकायची. घर उतरवून दगडविटा आत, टेकडीमागच्या जागेवर न्यायच्या. कडा ढासळतोय तर ढासळू द्यायचा, त्याच्या मातीनं खाली वाळू धरेल आणि बाकीचा किनारा तगेल. सही थोरल्याची हवी होती, आणि त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत हवी होती. शिफारस कोणाची? मधलीची.

"दादा, मला त्याचीच भीती वाटते," ती म्हणाली. "वरच्या अंगाला जमीन सात हात गेली. खालच्या अंगाला नऊ. आणि फक्त आपल्याच दारात शून्य?"

"कारण फक्त आपल्याच दारात गवंडी आहे."

"तू कोब्याची कड मोजतोयस. कोबा कसा हलेल?"

"मग काय मोजू? तुझं डोकं?"

"अरे, भिंतीवर लाट आपटते, परत फिरते आणि पायाखालची वाळू घेऊन जाते. सहा वर्षांत वाळूची पुळण किती खाली गेली बघितलीस? खालच्या वस्तीतल्या लोकांची तर पार संपली. ते मला रस्त्यात थांबवून विचारतात, तुझ्या भावाची भिंत कधी काढणार म्हणून."

"बघ आई!" थोरला माझ्याकडे वळला. "लोकांसाठी बापाचं घर पाडायला निघाली."

मी चहात साखर ढवळत राहिले. साखर केव्हाच विरघळली होती.

तेवढ्यात थोरली सून, शिवणकामाचं मशीन सोडून दारात आली. आजवर नवऱ्याच्या शब्दाबाहेर न गेलेली बाई. खाली बघत म्हणाली, "एक सांगू का? माझं दोऱ्याचं रीळ हातातून पडलं की घरंगळत इकडेच येतं. स्वयंपाकघरात. त्या कोपऱ्यात. मागच्या वर्षी नव्हतं येत."

"मग सांगितलं नाहीस ते?"

"तुम्ही एवढ्या कष्टानं भिंत बांधलीत. कोणत्या तोंडानं सांगू?"

थोरल्यानं धाकट्याकडे बघितलं. धाकटा नेहमी त्याच्या बाजूचा. पण धाकटा गुडघ्यावर बसला होता. त्याची बेकरी आहे हे तुम्हाला ठाऊकच आहे. पाव भाजला की नाही हे तो पाव उलटा करून, खालून टिचकी मारून ओळखतो. पोकळ वाजला की झाला. तो फरशीवर बोटाच्या पेरानं टकटक करत दारापासून चुलीकडे सरकत होता. दाराशी ठप्प. मधे ठप्प. चुलीपाशी आला आणि हात उचलून घेतला.

"काय?" थोरला.

"काही नाही, दादा."

"काय वाजलं?"

"भाजलेला पाव," धाकटा म्हणाला. चेहरा पिठासारखा.

आता गंमत बघा. फरशी ठोकून पोकळी ओळखणं हे तर गवंड्याचं काम. लोकांच्या घरी जाऊन थोरला हातोडीच्या दांड्यानं एकेक फरशी वाजवतो. स्वतःच्या स्वयंपाकघरात त्यानं सहा वर्षांत एकदाही वाजवली नव्हती. का, ते त्यानं मला फार उशिरा सांगितलं. म्हणाला, आई, डॉक्टर काय स्वतःच्या पोटाला हात लावतो?

"उगाच घाबरवू नका त्याला," कोपऱ्यातून वन्सं बोलल्या.

वन्सं म्हणजे माझी नणंद, ह्यांची धाकटी बहीण, मुलांची आत्या. लग्न केलं नाही, भावाच्या घरात राहिल्या आणि भाऊ गेल्यावर भावाच्या घराच्या झाल्या. खरा पेच कागदाचा नव्हताच. सही थोरला आज ना उद्या देताही. पण वन्सं हलणार नव्हत्या. कारण खालून येणारे ठोके.

ते मागे सांगितलंय, तरी परत सांगते. हे गेल्यावर वर्षभरात भरतीच्या वेळी स्वयंपाकघराच्या जमिनीखालून आवाज यायला लागला. ठक. ठक. ठक. मातीची भांडी फडताळात किणकिणायची. नाती घाबरून माझ्या कुशीत शिरल्या तेव्हा मी त्यांना सांगितलं, "वेड्यांनो, आजोबा आहेत तुमचे. घरी आले की तीनदा दार वाजवायची सवयच त्यांची. चहाला आलेत." दुसऱ्या दिवशी दुपारी वन्संनी चुलीशेजारच्या फटीत कपभर चहा ओतला. फटीनं तो गटकन् गिळला. थेंब राहिला नाही. तेव्हापासून रोज एक कप. थोरलाही त्या ठोक्यांना मान द्यायचा. बाप भिंतीवर खूश आहे म्हणायचा.

"आत्या," मधलीनं हळूच विचारलं, "हा चहा जातो कुठे?"

"कुठे म्हणजे? पितो तो."

"पण जमीन ओली कशी होत नाही?"

"तो सांडत नाही. लहानपणापासून सांडत नाही. तू सांडायचीस."

मधली थोरल्याकडे वळली. "दादा, भिंतीवर सरळ रेघ मारायला दोरीला लावतोस तो लाल रंग आहे ना तुझ्या पिशवीत? एक चिमूट दे. आजच्या चहात घालते. मग आपण दोघं खाली पुळणीवर जाऊ. चहा कुठे निघाला नाही, तर हा कागद मी तुझ्यासमोर फाडते."

"आणि निघाला तर?"

"तर तू सही कर."

थोरला हसला, पण ते हसू ओठांच्या आत गेलं नाही. "घाल. मूठभर घाल."

"आत्या, चालेल ना?"

"घाल गं," वन्सं म्हणाल्या. "रंगाचं काय त्याला. आयुष्यभर वहिनीच्या हातचा काळा चहा प्यायला तो."

बघा, अशा बाईवर रागवावं तरी कसं.

रक्तासारखा लाल चहा फटीत ओतला. गटकन् गेला. दोघं कड्यावरून पायऱ्या उतरून खाली गेले.

खाली मी नव्हते, पण दोघांनी वेगवेगळं सांगितलेलं जुळतं, म्हणून सांगते. थोरला आधी भिंतीकडे बघतच राहिला. वरून रोज दिसायची ती भिंत अजून ताठ होती. पण पुळण इतकी खाली गेली होती की पायाचे दगड उघडे पडले होते, हिरडी सुटलेल्या दातांसारखे. मधली भिंतीच्या शेवटाकडे चालत गेली, जिथे भिंत संपते आणि मातीचा कडा सुरू होतो. समुद्रानं भिंतीला हातही लावला नव्हता. तो शहाण्यासारखा वळसा घालून मागे गेला होता.

तिथे माणूस वाकून जाईल एवढं भोक होतं. भोकातून ओल्या वाळूवर एक बारीक धार येत होती. लाल.

थोरल्यानं बोट बुडवलं. कोमट होती.

"बाबा," तो एवढंच म्हणाला. मग बहिणीनं धरायच्या आत गुडघ्यांवर बसून आत शिरला, आणि त्याच्यामागोमाग ती.

आत गारवा होता आणि श्वास घेतल्यासारखा आवाज. पुढे जागा मोठी होत गेली. खोलीएवढी. वर उजेडाची एक रेघ दिसली, केसाएवढी, आणि त्या रेघेतून थेंब थेंब लाल गळत होतं. त्यानं ओळखलं. चुलीशेजारची फट. आपल्या घराच्या स्वयंपाकघराला खालून बघणारा तो पहिलाच. माती होती ती जेमतेम वीतभर, तीही चिरा गेलेली, आणि तिच्या वर चूल, फडताळ, आम्ही. जमिनीवर भोपळ्याएवढा एक धोंडा पडलेला, घासून घासून अंड्यासारखा गुळगुळीत. भरतीला लाट आत यायची, त्याला उचलायची आणि त्या पोकळीच्या मागच्या अंगावर आपटायची. सहा वर्षांचा बाप त्याच्या पायाशी पडला होता.

तेवढ्यात वरून वन्संचा आवाज आला. अगदी कानाशी, मायेचा. "आणखी हवा का रे?"

आणि ऊन ऊन चहा त्याच्या तोंडावर पडला.

वर आम्ही तिघी आणि धाकटा; नाती शाळेत गेलेल्या. मी चुलीपाशी, सून दारात, धाकटा अजून जमिनीवर. वन्सं फटीवर वाकलेल्या, रिकामा कप हातात. समुद्र पार तिकडे गेलेला. भरती नाही, वारा नाही, पान हलत नाही. अशा वेळी ठोके कधीच येत नसत.

ठक.

ठक.

ठक.

सून माझ्या दंडाला चिकटली. तिची नखं मला रुतली, त्याचे वण दाखवीन हवे तर. धाकट्यानं तापल्या तव्यावरून उचलावेत तसे फरशीवरून हात उचलले.

"आलास?" वन्सं म्हणाल्या.

आणि जमिनीखालून ह्यांचा आवाज आला. हो, ह्यांचाच. थोरल्याचा आवाज बापावर गेलाय हे मला ठाऊक होतं, पण मातीतून गाळून आलेला तो आवाज मी चाळीस वर्षं ऐकलेला होता. "बाहेर व्हा! सगळे बाहेर व्हा! आत्ताच्या आत्ता बाहेर व्हा!"

ज्या बाईला चार महिने आम्ही हातापाया पडून सांगत होतो, ती उठली, पदर सावरला, कप उचलला आणि म्हणाली, "चला गं. दादा म्हणतोय ना."

आणि सगळ्यांच्या आधी निघाली.

आम्ही पुढच्या दारानं रस्त्यावर येऊन उभे राहिलो. थोड्या वेळानं दोघं पायऱ्या चढून आले, चिखलानं माखलेले, थोरला वर लाल रंगानंही. थोरल्यानं घराकडे बघितलं नाही. "मोज," तो धाकट्याला म्हणाला, "कोण कोण बाहेर आहे ते मोज." सहा भरलो. पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा सहा.

मग भरती आली. ती काही धावत येत नाही हो. चिखलावरून नुसती चकाकी सरकत येते, आणि आवाज परत येतो. पाचच्या सुमाराला स्वयंपाकघर गेलं. मला वाटलं होतं, मोठा कडकडाट होईल. तसं काही झालं नाही. म्हातारा माणूस खुर्चीत बसताना "हं" करतो ना, तेवढाच आवाज. कोबा, चूल, फडताळ, मुलांच्या उंचीची चौकट, सगळं खाली बसलं. पुढच्या दोन खोल्या उघड्या पाठीनं उभ्या राहिल्या.

आणि दोर. त्याचा गुंडाळा थोरल्यानं घराशेजारच्या बोळातून पुढच्या अंगणात आणून टाकलेला, तो घाईत तिथेच राहिला होता, एक टोक उंबऱ्याच्या खिळ्याला तसंच अडकलेलं. उंबरा गेला तसा दोर जागा झाला आणि बोळातून, आमच्या पायांजवळून, सापासारखा मागे मागे जायला लागला. धाकटा धरायला वाकला. थोरल्यानं त्याचा हात धरला. "जाऊ दे."

एकेक गाठ दगडावर टक् टक् वाजत गेली. कोणी सांगितलं नव्हतं, पण आम्ही सगळे मोठ्यानं मोजत होतो. एकोणचाळीस. चाळीस. एक्केचाळीस. मग नुसतं टोक गेलं.

थोरल्यानं बहिणीपुढे हात केला. "दे."

तिनं कागद दिला. त्यानं तिच्याच पाठीवर ठेवून सही केली. त्या सहीवर लाल अंगठा उमटलाय, कचेरीत अजून आहे म्हणतात. ती रडायला लागली तेव्हा म्हणाला, "रडतेस काय? भिंत उतरवायला पण गवंडीच लागतो. माझा एकही दगड फोडू देणार नाही मी. एकेक काढणार."

संध्याकाळी आम्ही धाकट्याच्या बेकरीत बसलो होतो, भट्टीच्या उबेला. मीच म्हणाले, "बरं केलंस बाबा, तीनदा वाजवून मग ओरडलास. नाहीतर वन्सं उठल्या नसत्या."

थोरला पाव मोडता मोडता थांबला. "मी कुठे वाजवलं?"

"धोंडा वाजवलास ना."

"नाही आई. मी फक्त ओरडलो. ठोके मीही ऐकले. मला वाटलं, वरून तुम्ही वाजवताय."

"आम्ही नाही," धाकटा म्हणाला.

सगळे मधलीकडे बघायला लागले. ती म्हणाली, "त्याचे दोन्ही हात माझ्या हातात होते. मी त्याला बाहेर ओढत होते. आणि तो धोंडा आमच्या दोघांच्या मधे होता. हलला नाही."

भट्टीत एक लाकूड तडकलं तर सून किंचाळली.

आता टेकडीमागे नवं घर आहे, त्याच दगडांचं. समुद्र दिसत नाही, पुळणीवर वाळू परत धरायला लागलीय, मधली महिन्याला मोजून येते आणि भावाला आकडा सांगते. आम्ही सुखात आहोत. दात चारही शाबूत आहेत. पण त्यांची शपथ घेतलीय, म्हणून जाता जाता एक कबूल करते. बाकी सगळं खरं, एवढंच एक माझ्या मनचं होतं.

ह्यांनी जन्मात कधी दार वाजवलं नाही. तीनदा नाही, एकदाही नाही. कोपऱ्यावरूनच "चहा टाक गं" ओरडत यायचे आणि दार ढकलून आत. तीन ठोक्यांची सवय मी नातींची भीती घालवायला रचली. त्या एका थापेपायी सहा वर्षं कोणी फरशीखाली बघितलं नाही, आणि त्यात माझी नणंद जायची वेळ आली होती.

हे मी वन्संना सांगितलं, परवा, दुपारी. हात धरून सांगितलं. म्हटलं, "वन्सं, मला माफ करा. ते ह्यांचे ठोके नव्हते."

त्या कपात चहा गाळत होत्या. "मला काय सांगतेस वहिनी? सख्खी बहीण मी. त्यानं कधी दार वाजवलंय का?"

"मग इतकी वर्षं चहा कोणाला पाजत होता?"

त्यांनी गाळणं झटकलं आणि कप माझ्यापुढे सरकवला.

"जो वाजवत होता त्याला."